प्रश्न तुमचे: नवीन ग्राहक, चार ॲप आणि महिन्याचं बिल

या वेळच्या पत्रांत एकच विषय इतक्यांदा आलाय की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले. नवीन ग्राहकाचं नाव-नंबर एका ॲपमध्ये येतो, मग तोच सीआरएममध्ये (ग्राहकांची नोंद आणि फॉलोअप ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) हवा, सेल्सवाल्याच्या मोबाईलमध्ये हवा, बिलिंगमध्ये हवा, आणि हे सगळं जोडून देणाऱ्या सर्व्हिसचा खर्च मात्र हाताबाहेर चाललाय. भोसरी असो नाहीतर बाणेर, दुखणं एकच दिसतंय पण कारणं प्रत्येकाची वेगळी आहेत, म्हणून उत्तरं जरा सविस्तर देतोय.

प्रश्न: नमस्कार दादा, आमचं सिंहगड रोडला मॉड्युलर किचनचं काम आहे. महिन्याला साठेक नवीन एन्क्वायरी येतात, काही वेबसाइटच्या फॉर्मवरून, काही फेसबुक-इन्स्टाच्या जाहिरातीवरून, सगळं एका गुगल शीटमध्ये पडतं. तिथून ते बिगिन या सीआरएममध्ये, गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये आणि सगळ्यांना ईमेल पाठवायच्या मेलचिंपमध्ये जावं म्हणून भाच्याने मेक नावाच्या ॲप जोडणाऱ्या सर्व्हिसच्या फुकटच्या प्लॅनवर जोडणी करून दिली. महिन्याला १००० क्रेडिट मिळतात. साठ ग्राहक गुणिले चार पायऱ्या म्हणजे अडीचशेच्या आत भागायला पाहिजे ना, पण नऊ-दहा दिवसांत सगळी क्रेडिट संपतात आणि पुढे नवीन नावं येणंच बंद. भाचा म्हणतो पैसे भरून वरचा प्लॅन घ्या. घेऊ का?
— एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर: नका घेऊ, निदान आत्ता तरी नका. तुमचा गुणाकार बरोबर आहे, फक्त एक खर्च त्यात धरायचा राहिलाय. मेकमध्ये ग्राहक आला तरच मोजतात असं नाही, "शीटमध्ये नवीन काही आलंय का" हे बघायला जी चक्कर होते तिचंही एक क्रेडिट लागतं, मग काही सापडो की न सापडो. फुकटच्या प्लॅनमध्ये दोन चकरांमधलं अंतर कमीत कमी १५ मिनिटं ठेवता येतं आणि बहुतेक जण तेच ठेवून मोकळे होतात. आता मोजा, तासाला ४, दिवसाला ९६, महिन्याला २८८०. रात्री अडीच वाजता कोणी किचनचं कोटेशन मागत नाही पण चकरा चालूच, रिक्षा जागेवर उभी असली तरी वेटिंगचं मीटर पडतं तसंच हे. या ९६ मध्ये तुमची रोजची आठेक खरी कामं मिळवली की १०४, आणि १००० ला १०४ ने भागलं की साडेनऊ दिवस. तुमचं बरोबर तेच होतंय. यात कोणी फसवलेलं नाही, त्यांची मोजायची पद्धतच तशी आहे, पण ती आधी कोणी समजावून सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आजच्या आज करायचं ते असं. त्या जोडणीच्या शेड्यूलमध्ये जा आणि १५ मिनिटांच्या जागी तासाला एकदा करा, तेही सकाळी नऊ ते रात्री नऊ एवढंच. दिवसाला तेरा चकरा झाल्या म्हणजे महिन्याला ३९०, वर खऱ्या कामाचे २४०, एकूण ६३०. हजारात आरामात बसतं आणि एक रुपया खर्च नाही.

पण किचनच्या धंद्यात तासभर उशीर पण महागात पडतो हे मला माहितीये, माणूस एका वेळी चार ठिकाणी फॉर्म भरतो आणि पहिला फोन ज्याचा येतो त्याची साइट व्हिजिट ठरते. म्हणून पुढचं पाऊल वेबहुकचं. यात जोडणारी सर्व्हिस चकरा मारत नाही, फॉर्म भरला गेला की तुमची वेबसाइटच तिला कळवते, त्यामुळे निरोप आला तरच क्रेडिट जातं आणि नाव काही सेकंदांत पोचतं. फेसबुकच्या लीड फॉर्मला (जाहिरातीतच भरायच्या एन्क्वायरीच्या फॉर्मला) अशी तात्काळ सोय मेकमध्ये आहेच, वेबसाइटच्या फॉर्मला आहे का ते फॉर्मच्या प्लगइनवर (साइटला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरवर) अवलंबून आहे, काहींत फुकट असते काहींत पैसे पडतात, साइट ज्याने बनवली त्याला एवढंच विचारा की "फॉर्मला वेबहुक लावता येईल का". एकदा ते लागलं की मधलं शीट फक्त नोंदीपुरतं राहतं. आणि एक, फेसबुकच्या लीड त्यांच्याकडून ९० दिवसांपर्यंतच उतरवून घेता येतात, तेव्हा जोडणी बंद पडलेल्या दिवसांतली नावं अजून हाती लागतायत तोवर काढून घ्या.

आता दुसरी गोष्ट जी तुम्ही विचारली नाही पण बोलायलाच हवी. साठही जणांना तिन्ही ठिकाणी कशाला पाठवताय? किचनसाठी विचारणारे निम्मे लोक तर ईमेल देतच नाहीत, मोबाईल देतात. ज्याचा ईमेलच नाही त्याच्यासाठी मेलचिंपची पायरी चालवायचं कारण नाही, मध्ये एक फिल्टर टाका, "ईमेल रिकामा असेल तर पुढे जाऊ नको", आणि फिल्टरचं क्रेडिट पडत नाही. मेलचिंपमध्ये अजून एक बघून घ्या, तिथे ज्यांनी तुमचे मेल बंद केलेत तेही मोजणीत राहतात, आणि एकच माणूस दोन याद्यांत असला तर दोनदा मोजला जातो. त्यांना अर्काइव्ह केलं की मोजणीतून जातात. गुगल कॉन्टॅक्ट्सचं पण तसंच, साइट व्हिजिट ठरली की मगच नाव तिथे टाका, नाहीतर सेल्सच्या पोराच्या फोनमध्ये फक्त किंमत विचारून गेलेले लोक साठत राहतात. आणि बिगिनची फुकटची आवृत्ती एका युजरला ५०० रेकॉर्डपर्यंतच आहे, महिन्याला साठ म्हणजे आठ-नऊ महिन्यांत ती भरणार. पैसे भरायची वेळ येईल ती तिथे, आणि तिथले पैसे कारणी लागतील कारण फॉलोअप तिथूनच होतो.

प्लॅन बदलायचाच झाला तर दर बघायच्या आधी ते मोजतात काय ते बघा. झॅपियर ही मेकसारखीच सर्व्हिस, तिच्यात बघायच्या चकरा मोजत नाहीत, पण पार पडलेली पाठवण्याची प्रत्येक पायरी मोजतात, "हा नंबर आधीपासून आहे का" असं शोधून जो सापडतो तीही पायरी धरतात, आणि फुकटात महिन्याला १०० च. साठ ग्राहक तीन ठिकाणी म्हणजे १८०, तिथे बसणार नाही. पॅब्ली कनेक्ट ही भोपाळच्या कंपनीची सर्व्हिस, तिथेही फक्त पाठवण्याच्या पायऱ्या मोजतात, आतले फिल्टर वगैरे नाही. एन-एट-एन ही तशीच आणखी एक सर्व्हिस, तिच्या क्लाउडमध्ये (म्हणजे त्यांच्याच सर्व्हरवर चालवली तर) पहिल्यापासून शेवटपर्यंतची अख्खी फेरी एकच धरतात, मग त्यात तीन पायऱ्या असोत नाहीतर तेरा. थोड्या पायऱ्या आणि पुष्कळ ग्राहक असतील तर पायऱ्या मोजणारं स्वस्त पडतं, थोडे ग्राहक आणि लांबलचक पायऱ्या असतील तर अख्खी फेरी मोजणारं, त्यामुळे मित्राला स्वस्त पडलं म्हणून आपल्यालाही पडेल हे धरून चालू नका.

प्रश्न: नाना पेठेत ऑटो पार्ट्सचं होलसेल दुकान आहे, वडिलांच्या काळापासून सगळा हिशोब टॅलीवर. मी आता सीआरएम चालू केलंय, सेल्समन गॅरेजला गेला की नवीन पार्टी त्यात टाकतो. माझं म्हणणं सीआरएममध्ये पार्टी आली की टॅलीत आपोआप लेजर (त्या पार्टीचं खातं) उघडावं. वडील म्हणतात टॅलीला हात लावायचा नाही. एका डेव्हलपरने जोडून द्यायचे जे पैसे सांगितले ते ऐकून मीही थांबलोय. वर आत्ताच एकाच गॅरेजची तीन-तीन नावं झालीयेत.
— एक वाचक, नाना पेठ

उत्तर: वडिलांचं ऐका, आणि हे मी मोठ्यांचा मान म्हणून सांगत नाहीये, हिशोबाच्या दृष्टीनेही तेच बरोबर आहे. सेल्समन ज्या गॅरेजला जाऊन आला ती अजून पार्टी झालेली नाही. लेजर म्हणजे जिच्याशी देणंघेणं झालं तिचं खातं. जाईल त्या गॅरेजचं लेजर उघडत बसलात तर वर्षभरात टॅलीत शून्य बाकीची शेकडो खाती होतील, मग बिल बनवताना मुनीम चुकीचं नाव निवडणार आणि उधारीची यादी वाचता येणार नाही. तुमचा खर्च वाचायची सगळ्यात मोठी जागा हीच आहे, टॅलीत नाव पहिल्या बिलाच्या वेळी जाऊ दे, त्याआधी नाही.

एकदा हे ठरलं की आकडा केवढा खाली येतो बघा. महिन्याला सेल्समनने समजा शंभर नावं टाकली, त्यातली पंधरा-वीस खरी गिऱ्हाइकं होतील. एवढ्यासाठी डेव्हलपर लावायची गरज नाही. टॅलीप्राइमच्या ४.० रिलीजपासून एक्सेलमधून लेजर थेट आत घेता येतात, त्यांचा नमुना तक्ता उतरवायचा, सीआरएममधून "ऑर्डर मिळाली" अशी खूण असलेली नावं एक्सेलमध्ये काढायची, नमुन्यात बसवायची आणि आठवड्यातून एकदा आत घ्यायची. शनिवारी संध्याकाळी मुनीम अर्ध्या तासात करेल. आत घ्यायच्या आधी डेटाचा बॅकअप, हे मात्र प्रत्येक वेळी, टाळाटाळ नको. टॅली दुकानाच्या कॉम्प्युटरवर चालतं, इंटरनेटवरच्या सर्व्हिसला त्याच्यात थेट शिरता येत नाही, मध्ये काहीतरी जोडणी कायम चालू ठेवावी लागते आणि ती सांभाळायचा खर्च दरवर्षीचा असतो, डेव्हलपरने तुम्हाला सांगितला तो फक्त बसवायचा असेल, तेवढं विचारून घ्या. उलटी बाजू मात्र कामाची आहे, टॅलीतली बाकी आठवड्याला एक्सेलमध्ये काढून सीआरएममध्ये चढवली तर सेल्समनला दारात उभं राहून कळतं की आधी वसुलीचं बोलायचं की नवीन ऑर्डरचं.

आता तीन-तीन नावांचं. "साई मोटर्स", "साई मोटर्स हडपसर", "श्री साई मोटर" ही कॉम्प्युटरला तीन वेगळी माणसं आहेत, नावावरून जुळवायला गेलात की असंच होणार. तुमच्या धंद्यात ओळखायची किल्ली जीएसटी नंबर. तो १५ अक्षरांचा, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या पार्टीचा पॅन. नाव कसंही लिहा, पॅन बदलत नाही. एकाच मालकाची पुण्यात एक आणि बेळगावात एक अशी दोन दुकानं असतील तर जीएसटी नंबर दोन असतील पण मधला पॅन एकच, म्हणजे बिल वेगळं पण माणूस तोच हेही लक्षात येतं. छोट्या गॅरेजला जीएसटी नसतोच, तिथे मालकाचा मोबाईल धरा. सेल्समनला सांगा, या दोन्हीपैकी एक भरल्याशिवाय नवीन नाव सेव्हच होऊ द्यायचं नाही, बऱ्याच सीआरएममध्ये अशी अट लावता येते.

मोबाईल नंबरवरून जुळवणाऱ्या सगळ्यांसाठीच एक सांगून ठेवतो कारण जवळपास प्रत्येक पत्रात हा घोळ आहे. कोणी नंबर नुसता दहा आकडी लिहितो, कोणी पुढे शून्य लावतो, कोणी ९१, कोणी अधिक ९१, कोणी मध्ये जागा सोडतो. शीटमध्ये पुढचा शून्य गळून पडतो आणि ९१ लावलेला लांब नंबर एक्सेलमध्ये कधीकधी भलत्याच दशांशाच्या रूपात दिसायला लागतो. यावर उपाय साधा, तो कॉलम "प्लेन टेक्स्ट" करा आणि शेजारी एक कॉलम ठेवा ज्यात आकडे सोडून बाकी सगळं काढून शेवटचे दहा आकडे उरतील. जुळवाजुळव फक्त या दुसऱ्या कॉलमवर करायची. हे सूत्र एकदा लिहिलं की कायमचं, आणि एकाच माणसाला दोनदा पाठवल्यामुळे जी क्रेडिट वाया जातात ती तिथल्या तिथे थांबतात.

प्रश्न: दादा, मी सदाशिव पेठेत घरून फराळाच्या ऑर्डर घेते. दिवाळीत खूप गडबड असते, एरवी चकली, लाडू, पोळ्या असं बेताचं चालतं. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात, या वेळी मुलीने गुगल फॉर्म पण करून दिलाय. नवीन गिऱ्हाइकांचे नंबर आपोआप फोनमध्ये सेव्ह व्हावेत आणि पुढच्या दिवाळीला सगळ्यांना एकदम मेसेज जावा एवढंच हवंय. महिन्याला पैसे भरणं मला जमणार नाही.
— एक ताई, सदाशिव पेठ

उत्तर: ताई, तुम्हाला महिन्याला काही भरायची गरजच नाही. फॉर्मची उत्तरं गुगल शीटमध्ये आपोआप जातात, ते फुकट. त्या शीटमधून नावं फाइल म्हणून उतरवायची आणि कॉम्प्युटरवर गुगल कॉन्टॅक्ट्स उघडून "इम्पोर्ट" करायचं, एका वेळी ३००० पर्यंत नावं जातात, फोनमध्ये तुमचं तेच गुगल अकाउंट असेल तर ती आपोआप दिसायला लागतात. पाडव्यानंतर एकदा, गणपतीच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या गडबडीत आठवड्याला एकदा केलंत की झालं. दोनदा आलेली नावं तिथेच "मर्ज" करून एक करता येतात. नाव टाकतानाच "फराळ" असा शब्द पुढे लावायची सवय ठेवा, म्हणजे नातेवाइकांच्या नंबरात मिसळणार नाहीत.

मुलीला थोडं कोडिंग येत असेल तर ॲप्स स्क्रिप्ट नावाची गुगलची सोय शीटच्या आतच आहे. फॉर्म भरला की लगेच ती चालते आणि नाव कॉन्टॅक्ट्समध्ये टाकते. साध्या जीमेल अकाउंटला तिच्या अशा आपोआप चालण्याला दिवसाला दीड तासाची मर्यादा आहे, एका नावाला काही सेकंद लागतात, ऐन दिवाळीतही ती संपणार नाही. पण हे नाही जमलं तरी काही अडत नाही, वरची पद्धत पुरेशी आहे.

सगळ्यांना एकदम मेसेज म्हणाल तर व्हॉट्सॲप बिझनेसचं फुकटचं ॲप वापरा. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात आणि मेसेज त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. म्हणून तुमच्या फोनमध्ये त्यांचा नंबर असण्यापेक्षा त्यांच्या फोनमध्ये तुमचा असणं जास्त महत्त्वाचं आहे. डब्यावरच्या लेबलवर ठळक छापा, "पुढच्या ऑर्डरसाठी हा नंबर सेव्ह करा", या छपाईवर केलेला खर्च कुठल्याही आपोआप जोडणीपेक्षा तुम्हाला जास्त ऑर्डर देईल असं माझं ठाम मत आहे. कोणी "व्हॉट्सॲप एपीआय घ्या" (म्हणजे सॉफ्टवेअरमधून व्हॉट्सॲप मेसेज पाठवायची सोय) असं सुचवेल, पण तिथे जाहिरातीच्या प्रत्येक मेसेजला पैसे पडतात, दोन-तीनशे गिऱ्हाइकांसाठी ते नको. आणि फॉर्ममध्ये एक ओळ घाला, "सणावाराला मेसेज पाठवला तर चालेल का", हो म्हणतील त्यांनाच पाठवा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत, ऑर्डरसाठी दिलेला नंबर जाहिरातीला वापरायचा तर विचारून वापरायचा ही सवय आत्तापासूनच बरी.

प्रश्न: आमचं बाणेरला फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. अपॉइंटमेंटच्या ॲपमध्ये पेशंट आला की सीआरएममध्ये जावा आणि सीआरएममध्ये काही बदललं तर अपॉइंटमेंटच्या ॲपमध्ये पण बदलावं अशी दोन्हीकडची जोडणी करून घेतली. मागच्या महिन्यात टास्कचा (जोडणीने केलेल्या आणि बिलात मोजल्या जाणाऱ्या कामांचा) आकडा एकदम प्रचंड वाढला आणि जादा बिल आलं. पेशंट तर नेहमीएवढेच होते.
— एक वाचक, बाणेर

उत्तर: तुमच्या दोन जोडण्या एकमेकींना उत्तरं देत बसल्यात. पहिली पेशंटचं नाव सीआरएममध्ये टाकते, दुसरीला वाटतं सीआरएममध्ये बदल झाला, ती तो परत अपॉइंटमेंटच्या ॲपमध्ये लिहिते, मग पहिलीला वाटतं इथे बदल झाला, आणि हे कोणी थांबवेपर्यंत चालूच राहतं. जोडणीच्या सर्व्हिसमधली हिस्ट्री उघडून एकाच पेशंटचं नाव किती वेळा आलंय ते बघा, दोन-दोन मिनिटांनी तेच नाव दिसेल. आधी दुसरी जोडणी आत्ताच्या आत्ता बंद करा, मग पुढचं वाचा.

दोन्हीकडून सगळंच जायला हवं असं बहुतेक धंद्यांत नसतंच. कुठली माहिती कुणाच्या मालकीची ते ठरवा. नाव, मोबाईल आणि येण्याची वेळ अपॉइंटमेंटच्या ॲपची, ती रिसेप्शनवर भरली जाते आणि तिथेच बदलायची. फॉलोअपचा फोन झाला का, पॅकेज घेतलं का, हे सीआरएमचं. तसं केलंत तर एकाच दिशेची जोडणी पुरते, आणि तीही "बदल झाला की" या ट्रिगरवर (जोडणी सुरू करणाऱ्या घटनेवर) न लावता "नवीन पेशंट आला की" यावर लावा, निम्मा धोका तिथेच जातो. खरोखरच एखादी गोष्ट उलटी न्यायची असेल, समजा पॅकेजचं नाव, तर तेवढाच एक रकाना न्या आणि सुरुवातीला फिल्टर लावा की हा बदल माणसाने केला असेल तरच पुढे जा, जोडणीच्या युजरने केला असेल तर थांब.

बिलाबद्दल, मर्यादा संपली की काम थांबवायचं का जादा पैसे लावून चालू ठेवायचं याची निवड सेटिंगमध्ये असते, तुमच्याकडे ती दुसऱ्या पर्यायावर असणार. क्लिनिकसाठी थांबलेलं बरं, रिसेप्शनला नाव हाताने टाकता येतं. आणि कळकळीने सांगतो, पेशंटची तक्रार, निदान, रिपोर्ट यातलं काहीही या जोडणीतून पाठवू नका. पाठीचं दुखणं आहे की ऑपरेशननंतरचे व्यायाम, हे सीआरएममध्ये आणि मधल्या सर्व्हिसच्या हिस्ट्रीत पडून राहायचं कारण नाही. नाव, मोबाईल, पुढची तारीख, बस.

प्रश्न: माझा मेहुणा हिंजवडीत आयटीत आहे, तो म्हणतो एन-एट-एन स्वतःच्या सर्व्हरवर टाकू, सगळं फुकट. खरं आहे का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर: सॉफ्टवेअरपुरतं खरं आहे, एन-एट-एनची फुकटची कम्युनिटी आवृत्ती स्वतःच्या सर्व्हरवर टाकली तर फेऱ्या मोजत नाहीत आणि पैसे पडत नाहीत. सर्व्हरचं भाडं पडतं, आणि अपडेट, बॅकअप, मध्यरात्री बंद पडलं तर बघणं हे कोणीतरी करावं लागतं. महिन्याला हजारो नोंदी असतील आणि मेहुणे दोन वर्षांनीही फोन उचलणार असतील तर जरूर करा. पन्नास-साठ नोंदींसाठी नको. करायचंच तर सर्व्हरचं अकाउंट तुमच्या ईमेलवर उघडा आणि सगळे पासवर्ड तुमच्याकडे ठेवा, नातं कितीही घट्ट असलं तरी.

प्रश्न: परदेशी सर्व्हिसचा प्लॅन साइटवर दिसतो त्यापेक्षा कार्डावर जास्त पैसे का कापले जातात? आणि मध्येच पेमेंट फेल होऊन जोडणी बंद पडते.
— एक वाचक, वाकड

उत्तर: साइटवरचा दर डॉलरमधला आणि बहुतेक वेळा कराशिवायचा असतो. वर कार्डाचा परकीय चलनाचा आकार लागतो, बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, आणि त्या आकारावर पुन्हा जीएसटी. सर्व्हिसवर १८ टक्के जीएसटी वेगळा. तुम्ही जीएसटीत नोंदणी केलेली असेल आणि तिथे नंबर दिलेला असेल तर कंपनी कर लावत नाही पण रिव्हर्स चार्जने (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायच्या पद्धतीने) तो तुम्हालाच भरावा लागतो, नेहमीच्या नोंदणीत तो आपल्या जीएसटीतून वजा करून मिळतो, कंपोझिशनवाल्यांना (छोट्या धंद्यांसाठीच्या ठरावीक दराच्या योजनेतल्यांना) मिळत नाही. सीएंना ही बिलं दर महिन्याला द्या, वर्षाच्या शेवटी नको. दोन सर्व्हिसची तुलना करताना हे सगळं धरून रुपयांत करा, रुपयांत बिल देणारी भारतीय सर्व्हिस बऱ्याचदा तिथेच पुढे निघून जाते.

पेमेंट फेल होण्याचं कारण बहुधा ऑटोपेचं मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला तुम्ही बँकेला आधी दिलेली परवानगी. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायला आधी मँडेट नोंदवावं लागतं, आणि ते १५००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपीशिवाय चालतं. काही परदेशी कंपन्या आणि काही बँका यांचं अजून जुळत नाही, मग पेमेंट अडकतं. दुसरं कार्ड लावून बघा, किंवा ज्या सर्व्हिसवर तुमचा धंदा अडतो तिचा वर्षाचा प्लॅन एकदम घ्या, पण आधी दोन-तीन महिने महिन्याच्या प्लॅनवर चालवून खरा वापर किती होतो ते बघून मगच. पैसे कापायच्या २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो. तो आला की लगेच डॅशबोर्ड उघडून त्या महिन्याचे टास्क बघायचे, आणि जी जोडणी कोणी वापरतच नाहीये ती त्याच दिवशी बंद करायची.